मनोरीचा खोटा पक्षी

"ओ... ओ भाऊ! हला ना तिथून!"

श्रुतिकाने ओरडून पाहिलं, हात हलवून पाहिले, शेवटी टोपी काढून हवेत फिरवली. पण वाळूत पालथा पडलेला तो माणूस काही हलेना. फेब्रुवारीतली कोवळी सकाळ, मनोरीचा किनारा, नुकतीच लागलेली ओहोटी... तिने तिपाईवर लांब दुर्बीण चढवून नेमकी कुरव पक्ष्यांच्या थव्यावर लावली होती, आणि थव्याच्या बरोब्बर पुढे हा! तोही कसा? इस्त्रीचा निळा शर्ट, काळी पँट, पायात कंपनीचे जाडजूड बूट. पक्षी बघायला आलेला माणूस असा असतो का कुठे?

त्या माणसाने मागे न बघताच एक हात वर केला. थांब. मग दोन बोटं डावीकडे वळवली.

आता हा मला शिकवणार, असं पुटपुटत श्रुतिकाने दुर्बीण डावीकडे फिरवली, आणि तिचा डोळा दुर्बिणीला चिकटूनच राहिला. काळा-पांढरा, गुबगुबीत, गाजरासारखी नारिंगी चोच... कालवफोड्या! चार वर्षं ती ज्याच्या मागे किनारे पालथे घालत होती तो समोर उभा राहून कालवं फोडत होता.

"दिसला?" तो माणूस आता गुडघ्यावर बसून शर्टावरची वाळू झटकत होता.

"दिसला."

"मग? अजून हलू का?"

"तुम्ही आधी सांगायचं ना..."

"सांगतच होतो. तू ओरडत होतीस."

"एक्सक्यूज मी, आपली ओळख आहे का? एकदम तू?"

"तू पण एकदम भाऊ म्हणालीस. ते जास्त वाईट."

श्रुतिकाला हसू आवरेना. काय करणार, माणूस बोलला ते खरंच होतं.

त्याचं नाव विशाल. राहणार गोवंडी. काम लिफ्ट दुरुस्तीचं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही टॉवरची लिफ्ट अडली की हा हजर. लिफ्टचं यंत्र असतं गच्चीवर, त्यामुळे उपनगरातल्या उंचातल्या उंच गच्च्यांवर त्याला मुक्त प्रवेश. पान्यांच्या पिशवीत एक जुनीपुराणी दुर्बीण कायम. ती त्याला त्याच्या शाळेतल्या बाळ सरांनी दिलेली, दहावी पास झाल्याबद्दल.

आणि श्रुतिका? मुलुंडची. आजोबा मालवणहून गिरणीत आले, नात रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. दिवसभर लोकांचे रिपोर्ट तपासायचे आणि उरलेल्या वेळात लोकांचे पक्षी. म्हणजे असं, की पक्षी बघणाऱ्यांचं एक अ‍ॅप आहे. कुठे, कधी, काय पाहिलं ते जो तो त्यात लिहितो. कावळा-चिमणी असली तर कुणी विचारत नाही. पण दुर्मीळ पाहुणा दिसल्याची नोंद आली की ती अडते आणि त्या भागाच्या तपासनिसाकडे जाते. तो पास करतो किंवा नापास. मुंबई उपनगरांची तपासनीस श्रुतिका. बिनपगारी, पण रुबाब असा की बोर्डाच्या परीक्षकाने लाजावं. फोटो नाही, साक्षीदार नाही, तर नोंद नाही. भल्याभल्यांचे ससाणे तिने 'ही घार आहे' म्हणून परत पाठवले होते.

"म्हणजे ती खडूस तू?" विशालने विचारलं होतं.

"हो. मीच ती."

"बघून वाटत नाही."

"फोटो आहे का पुरावा म्हणून?" ती म्हणाली, आणि मग दोघंही उगाचच समुद्राकडे बघत राहिले.

तिथून ते सुरू झालं, बरं का. दुपारी अडीचला, लॅबमध्ये मान मोडून काम चाललेलं असताना फोन थरथरायचा. 'घाटकोपर, बाविसावा मजला. टाकीवर बहिरी ससाणा, कबुतर खातोय. तू जेवलीस का?' कधी 'अंधेरी, भोरड्यांचा थवा, हजार तरी असतील, सगळं आभाळ कलकलतंय. तू इथे हवी होतीस.' शेवटच्या चार शब्दांवर तिचं बोट दोन-दोन मिनिटं थांबायचं. मग ती नुसतं लिहायची, 'संख्या अंदाजे नको, मोजून सांग.' आणि तो वेडा खरंच मोजून सांगायचा!

रविवारी मनोरी ठरलेलं. मार्वेहून पहिली फेरीबोट, तिच्याकडे चहाचा थर्मास, त्याच्याकडे आईने दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा. मार्च लागला तसे किनाऱ्यावरचे पक्षी रंग बदलायला लागले. सगळा हिवाळा मळकट राखाडी राहिलेले लांब चोचीचे पाणटिवळे हळूहळू विटकरी होत होते. उत्तरेला जायचं, घर मांडायचं, म्हणून ही सगळी तयारी.

"बघ कसे नटलेत," ती म्हणाली.

"नटणारच. महिनाभराने निघतील," तो म्हणाला. "मनातलं काही सांगायचं असेल तर आताच..."

"कुणी? पाणटिवळ्यांनी?"

"हां... पाणटिवळ्यांनीच."

आणि कुणीच काही सांगितलं नाही. अशी ही दोन शहाणी माणसं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी श्रुतिका आली ती पेंगतच. लॅबमध्ये दोघी जणी रजेवर, आठवडाभर दीड पट काम. सुरूच्या सावलीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "पाचच मिनिटं डोळे मिटते हं." जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं, आणि तिचं डोकं विशालच्या खांद्यावर होतं. ती ताडकन सरळ झाली. त्याने खांदा चोळला, पण बघत होता समोरच्या चिखलाकडे, असं काही की जणू आत्ताच तिथून कोणी उठून गेलंय.

"काही दिसलं का रे?"

"दिसलं." तो हसला, पण वेगळंच. "लिहून पाठवतो. तोंडाने नाही जमायचं."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये, दोन रिपोर्टांच्या मधे, तिने तपासायच्या नोंदी उघडल्या. चाळीसेक साचल्या होत्या. त्यात विशालची. 'डाऊविचर. संख्या एक. मनोरी. फोटो नाही.'

डाऊविचर! पाणटिवळ्याचाच चुलतभाऊ म्हणा, पण आपल्या बाजूला दहा-वीस वर्षांत एखादा चुकून येणारा. श्रुतिकाचं काळीज धडधडलं. पक्ष्यामुळे की नावामुळे, देव जाणे. आणि धडधडलं म्हणूनच तिने स्वतःला दटावलं. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही. उलट त्याला जास्त कडक. रविवारी भेटलो की चिडवू, तो तणतणेल, मजा येईल... तिने वरच्या चार ओळी वाचल्या आणि नापासचं बटण दाबलं. ठरलेला मजकूर आपोआप गेला.

संध्याकाळी फोन आला.

"'प्रिय निरीक्षक'?" विशालचा आवाज थंडगार होता.

"अरे, ते आपोआप जातं..."

"'आपली नोंद स्वीकारता येत नाही. आपला सहभाग मोलाचा आहे.' वा."

"विशाल, फोटो नव्हता ना. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा? आपल्यातल्या त्या चंद्रप्रकाश सरांचा धुरकट फोटोतला गरुड मागच्या आठवड्यात पास झाला. त्यात गरुड कुठला आणि ढग कुठला हे त्यांनाही सांगता येणार नाही."

"पण फोटो होता!"

"हां. लेन्स होती. आमच्याकडे नुसते डोळे आहेत." मग तो मुद्द्यावर आला. "एक सांग. नोंद पूर्ण वाचलीस?"

आता इथे खरं बोलायला काय हरकत होती? पण तपासनीस बाईंचा रुबाब आडवा आला. नोंद न वाचता नापास केली असं कबूल करायचं? तिने?

"वाचली की. सगळी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "कळलं मला." आणि फोन बंद.

रविवारी तो मनोरीला आला नाही. पुढच्याही नाही. दुपारचे अडीच वाजायचे, फोन गप्प. घाटकोपरच्या टाकीवर काय चाललंय, अंधेरीच्या आभाळात कोण आलं-गेलं, तिला काही कळेना. सुरुवातीला ती रागावली. एवढं काय झालं? एका पक्ष्यासाठी माणूस बोलणं टाकतो? दुसऱ्या आठवड्यात राग पातळ झाला. तिसऱ्या आठवड्यात ती लॅबच्या इमारतीची लिफ्ट आली की आत जाण्याआधी दारावरची सर्व्हिसिंगची चिठ्ठी वाचायला लागली, कोणाची सही आहे ते बघायला. दुसऱ्याच कुणाची तरी असायची. थर्मासमधला चहा एकटीने संपत नाही हे तिला नव्यानेच कळत होतं. वाळूत पाणटिवळे लालभडक झाले होते, रोज थोडे कमी होत होते, आणि तिला वाटायचं, अरे थांबा रे, मला अजून बोलायचं आहे कुणाशी तरी.

एप्रिलच्या मध्यावर कुणीतरी मनोरीच्या पाणटिवळ्यांची नोंद पाठवली. ताडून बघायला म्हणून तिने विशालची जुनी नापास नोंद काढली. वरच्या चार ओळी. मग पहिल्यांदाच तिचं लक्ष खालच्या 'आणखी वाचा'कडे गेलं.

तिने ते दाबलं.

'पाणटिवळ्यांच्यात एकच होता. लाल व्हायला लागलेला. चोच सरळ, काळी, टोकाला जाड. आईच्या शिलाई मशीनची सुई चालते तशी चिखलात वर-खाली, वर-खाली. वीस-पंचवीस सेकंद दिसला. सोबत दुसरी निरीक्षक होती. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. फोन उजव्या खिशात, तिच्याच बाजूला. हललो असतो तर फोटो मिळाला असता, तिलाही दाखवता आला असता. हललो नाही. असा पक्षी मला पुन्हा दिसणार नाही हे माहीत होतं, तरी नाही हललो. का, ते तपासनिसांना कळेलच. नोंदीचं काहीही करा. एवढ्याचंच उत्तर द्या.'

आणि तिने उत्तर दिलं होतं. प्रिय निरीक्षक, स्वीकारता येत नाही.

लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन श्रुतिका पोटभर रडली. वर 'शेवटपर्यंत वाचली' असंही सांगितलं होतं तिने! म्हणजे तो काय समजला असेल? सगळं वाचून, सगळं कळून तिने त्याला छापील कागदाने हाकललं. वाट लागली, पार वाट लागली.

तिने फोन केला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी दोनदा केला. मेसेज लिहिले आणि पुसले, लिहिले आणि पुसले. अशी गोष्ट फोनवर कशी सांगायची? आणि त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं तर कुठल्या तोंडाने?

तीस एप्रिलला दुपारी लॅबमधली मैत्रीण अनुपमा सहज बोलून गेली, "अगं, आपली लिफ्ट बघायला आलेला सांगत होता, तुझा तो लिफ्टवाला चाललाय ना नागपूरला. कंपनीने बदली केली, दोन वर्षांसाठी. पाच तारखेला निघतोय."

श्रुतिका घरी आली, खुर्चीत बसली, आणि जे आयुष्यात केलं नव्हतं ते तिने केलं. माणूस तिच्यासाठी येणार नव्हता. पण डाऊविचरसाठी? त्याच्या डाऊविचरसाठी, त्याच जागेवर? तिने नवी नोंद उघडली. 'डाऊविचर. एक. मनोरी. आज सकाळी ७.४०. चिखलात चरताना. फोटो नाही.' तपासनिसाची नोंद तपासणार कोण? तीच. तिने डोळे गच्च मिटले आणि पास केली. ती त्या सकाळी मनोरीला गेलीही नव्हती.

दुर्मीळ पक्षी पास झाला की अ‍ॅप सगळ्यांना कळवतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण प्रेमात पडलेल्या माणसाला 'सगळे' दिसत नाहीत, एकच दिसतो. त्यातून दुसरा दिवस एक मे, सुट्टीचा.

सकाळी पहिली फेरीबोट टेकली आणि तीस-चाळीस माणसं तिपाया खांद्यावर टाकून उतरली. बोरिवली, मुलुंड, अंधेरी, सगळी जनता. सर्वांत पुढे चंद्रप्रकाश सर, खांद्यावर तोफेएवढी लेन्स. "श्रुतिका मॅडम, तुमची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" ते म्हणाले. तिला वाळूत गाडून घ्यावंसं वाटलं. बोट आली की ती मान उंचावून बघे. दुसरी बोट. तिसरी. प्रत्येक बोटीतून माणसं उतरत होती आणि तो उतरत नव्हता.

सव्वाआठ वाजले. समुद्र काठोकाठ भरला होता. चिखल कुठेच नव्हता, सगळा पाण्याखाली. गर्दीपासून जरा बाजूला बाळकाका उभे होते. विशालचे तेच शाळेतले सर, आता निवृत्त, पक्षी बघण्यात सगळ्यांचे वडीलधारे. त्यांनी पाण्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग श्रुतिकाकडे.

भरती रोज पाऊण तास उशिरा होते. आज सव्वाआठला, म्हणजे काल साडेसातला. आणि काल सात-चाळीसला हिचा डाऊविचर चिखलात चरत होता! बाळकाकांना कळलंय हे तिला कळलं.

दहाच्या सुमाराला पाणी हटलं, चिखल उघडा पडला, चार-दोन उरलेले पाणटिवळे येऊन बसले, आणि चंद्रप्रकाश सर किंचाळले, "दिसला! तो बघा, डावीकडून दुसरा! डाऊविचर!"

एकच गलका झाला. कॅमेरे खटाखट वाजायला लागले. "झकास!" "काय चोच आहे यार!" "मला पण दिसला!" कुणी तर नोंदही पाठवली. श्रुतिकाच्या खिशात फोन थरथरला, मग पुन्हा, मग पुन्हा. तपासायला आलेले तीन डाऊविचर. समोर मात्र साधा, सरळ, रोजचा पाणटिवळा.

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"तो डाऊविचर नाहीये," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती ओरडली, "ऐका ना! इथे डाऊविचर नाहीये! कालही नव्हता. मी खोटी नोंद केली."

सगळे वळले.

"अहो मॅडम, मी आत्ता बघितला ना!" चंद्रप्रकाश सर म्हणाले.

"नाही बघितला, सर. मी सांगितलं म्हणून तुम्हाला दिसला."

"पण का गं?" बाळकाकांनी शांतपणे विचारलं. "तू? खोटी नोंद?"

चाळीस माणसं, चाळीस दुर्बिणी. पण तिला त्या क्षणी कुणाचीच भीती वाटेना. "एक माणूस यावा म्हणून केली, काका. तो आला नाही. तुम्ही सगळे आलात... सॉरी. खरंच सॉरी." तिने सर्वांसमोर फोन काढला, नोंद पुसली, आणि तपासनीसपद सोडत असल्याचं दोन ओळींत लिहून पाठवलं. कुणी फिदीफिदी हसलं, कुणी बोटीच्या तिकिटाबद्दल कुरकुरलं. एक बाई मात्र नवऱ्याला हळूच म्हणाली, "बघ, लोक काय काय करतात प्रेमात. नाहीतर तू."

बाळकाकांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला, विशालचा पत्ता लिहिला आणि तिच्या हातात ठेवला.

"तो येत नाही ना? मग तू जा. पक्ष्याला कशाला मधे घालतेस?"

मालाडहून मेट्रो, घाटकोपरला उतरून रिक्षा, गोवंडीच्या गल्लीत विचारत विचारत ती पोचली तेव्हा दुपार टळटळीत होती. दारातच शिलाई मशीन, मशीनवर ब्लाउजचे तुकडे, मागे फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती. मशीनवरच्या बाईंनी पाय थांबवून तिला वर-खाली न्याहाळलं. ह्या सुंदराबाई, विशालची आई.

"पाखरांवाली का तू?"

"हो..."

"माझ्या पोराचं पाखरू नापास केलंस, ती?"

"हो. तीच," श्रुतिका म्हणाली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"महिना झाला, पोरगं धड जेवंना. पाखरासाठी कोण एवढं झुरतंय? मला काय कळत न्हाई होय?" सुंदराबाईंनी तांब्या पुढे केला. "पाणी पी आधी. तो घाटकोपरला गेलाय, लिफ्ट बंद पडली म्हणून फोन आला. लई उंच बिल्डिंग हाय म्हणं. हा बघ, पत्ता लिवून ठेवलाय. जा बाई, काय ते बोलून घे एकदाचं. त्याच्यापाशी बसून बसून मलाच जेवण जाईना."

घाटकोपरची ती इमारत अठरा मजल्यांची. एक लिफ्ट कायमची बंद, दुसरीवर पाटी, 'काम चालू आहे'. श्रुतिकाने पाटी वाचली, मान वर करून अठरावा मजला बघितला, आणि जिना धरला.

सहाव्या मजल्यापर्यंत ती काय काय बोलायचं ते ठरवत होती. दहाव्यावर अर्धं विसरली. चौदाव्यावर चपला हातात घेतल्या. गच्चीच्या दारात पोचली तेव्हा घामाने निथळत होती, आणि तोंडातून एक शब्द बाहेर पडेल तर शपथ.

विशाल यंत्राच्या खोलीबाहेर उभा राहून हात पुसत होता. तिला बघून त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"अगं, खाली पाटी आहे ना... लिफ्ट बंद आहे म्हणून?"

तिने हात वर केला. थांब. त्याने बाटली पुढे केली.

"आधी पाणी पी."

"नाही... आधी बोलते." ती भिंतीला टेकली. "मी पूर्ण... वाचलं नव्हतं. वाचलं म्हणाले, ते खोटं. वरच्या चार ओळी वाचल्या आणि... बटण दाबलं. खालचं सगळं मी पंधरा दिवसांपूर्वी वाचलं."

"म्हणजे त्या दिवशी फोनवर तुला..."

"काहीच माहीत नव्हतं."

विशाल मटकन पायरीवर बसला. "मला वाटलं, तू सगळं वाचलंस. वाचून म्हणालीस, सहभाग मोलाचा आहे, आता निघा." तो हसायला गेला, जमलं नाही. "एक महिना मी ते 'प्रिय निरीक्षक' वाचतोय, श्रुतिका."

"आणि कालची माझी नोंद... मी मनोरीला गेलेच नव्हते."

"माहितीये. पावणेआठला चिखल कुठला? भरती होती."

"मग आला का नाहीस?"

"येऊन काय करणार होतो? लोकांसमोर तुझं खोटं उघडं पाडू, की मी पण हो हो म्हणू?" त्याचा आवाज चढला. "आणि खरं सांगू? राग आला. माझा खरा पक्षी तुला चालला नाही, आणि स्वतःचा खोटा चालला!"

हे तिला लागलं. लागायलाच हवं होतं. ती त्याच्यापासून एक पायरी खाली बसली.

"बरोबर आहे तुझं. मी सांगितलं सगळ्यांना आज. खोटं होतं म्हणून. पदही सोडलं."

"सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"चाळीस माणसं होती. का खोटं बोलले तेही सांगितलं."

"का बोललीस?"

वारा तापलेला होता. खाली कुठेतरी प्रेशर कुकर शिट्ट्या मारत होता. श्रुतिकाने त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तू यावास म्हणून. मला तू हवा आहेस, विशाल. रोज दुपारी अडीचला हवा असतोस. रविवारी हवा असतोस. तुझ्याशिवाय मला पक्षीसुद्धा बघवत नाहीत आता... माझं प्रेम आहे तुझ्यावर. झालं. बोलले."

त्याने फडकं उचललं, घडी केली, पान्यांची पिशवी आवरली. श्रुतिका त्याच्या हातांकडे बघत राहिली. उशीर झाला वाटतं. चार दिवसांनी तो जाईल आणि...

"चल," तो म्हणाला. "लिफ्ट झालीय. खाली सोडतो तुला."

ती मागोमाग गेली. दार बंद झालं. विशालने तळमजल्याचं बटण दाबलं. मग पहिल्याचं दाबलं. मग दुसऱ्याचं. तिसरं, चौथं, पाचवं... एकेक करत सतराव्यापर्यंत सगळी बटणं लाल झाली.

"हे काय?"

"टेस्टिंग," तो म्हणाला. "प्रत्येक मजल्यावर थांबवून बघावी लागते."

सतरावा मजला आला. दार उघडलं, बाहेर कुणी नाही. बंद झालं. सोळावा. पंधरावा. दोघंही समोर बघत होते.

चौदाव्यावर तो म्हणाला, "माझं पण आहे." एवढंच. पण त्याचा आवाज इतका ओला झाला होता की तिने पटकन त्याचा हात धरला. ग्रीस लागलं, लागू दे.

तेराव्यावर तिने विचारलं, "जावंच लागेल?"

"आईचं मशीन आता तिच्या डोळ्यांना झेपत नाही. पगार वाढवून देतायत. जावं लागेल."

"दोन वर्षं."

"दोन वर्षं."

बारावा मजला रिकामा गेला. अकराव्यावर ती म्हणाली, "मी थांबेन. आणि नुसती थांबणार नाही हं, येत राहीन. तुला कंटाळा येईल इतकी."

"रोज अडीचला मेसेज करेन."

"मोजून."

"मोजून," तो म्हणाला, आणि तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. या खेपेला जागी होती. दार उघडत होतं, मिटत होतं, आणि दोघांनाही वाटत होतं, या इमारतीला अजून मजले असते तर काय बिघडलं असतं! चार दिवस म्हणजे किती थोडे, आणि त्यातला आजचा तर अर्धा संपलाही.

सातव्या मजल्यावर मात्र एक काकू उभ्या होत्या, हातात भाजीच्या रिकाम्या पिशव्या, कपाळावर आठ्या.

"अहो, किती वेळ थांबलेय! एकेका मजल्यावर अडतेय ही. अजून किती वेळ चालणार तुमचं टेस्टिंग?"

विशालने श्रुतिकाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हसूही. त्याने तिचा हात सोडला नाही.

"पाच तारखेपर्यंत, काकू," तो म्हणाला, आणि दार बंद केलं.